गुन्हा कबूल केल्यावर शिक्षेत सवलत कशी मागावी

गुन्हा कबूल केला की न्यायाधीश आपोआप दया दाखवतात, ही समजूत कोर्टाच्या व्हरांड्यात फार पक्की बसली आहे. कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नाही. कबुलीने आरोपी दोषी ठरतो, एवढंच नक्की. शिक्षा किती द्यायची हे न्यायाधीश ठरवतात, आणि तेही समोर आलेल्या कागदांवरून. ज्या माणसाबद्दल दोषारोपपत्रापलीकडे फाईलमध्ये एक ओळही नाही, त्याला इच्छा असूनही फारसं काही देता येत नाही. म्हणून ही सगळी तयारी कबुलीच्या आधी करायची असते.

उदाहरण म्हणून एक साधी केस धरू. वीस वर्षांचा मुलगा. आठवडे बाजारात उभ्या असलेल्या दुचाकीला अडकवलेल्या पिशवीतून त्याने बारा हजारांचा मोबाईल उचलला. मोबाईल त्याच्याकडेच सापडला. याआधी त्याच्यावर एकही गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट. जामिनावर आहे. घरी आई, धाकटी बहीण. आई वकिलाला म्हणते, “साहेब, कबूल करून टाकू द्या त्याला, म्हणजे मोकळा होईल.”

तिला आधी थांबवायचं.

कबूल करण्याआधी तपासायच्या गोष्टी

पहिला प्रश्न मुलालाच, आईला बाहेर बसवून: खरंच घेतलास का? न केलेला गुन्हा कंटाळून किंवा तारखांना वैतागून कबूल करणारे लोक दर आठवड्याला दिसतात. अशी कबुली कुणाकडूनही करून घेऊ नये. आणि घेतला असेल तर तो कोर्टात नेमकं काय बोलणार, हेही विचारायचं. “घेतला होता, पण परत देणार होतो” हे कबुलीचं वाक्य नव्हे. त्यात अप्रामाणिक हेतू नाकारला आहे, आणि सावध न्यायाधीश अशी कबुली स्वीकारणार नाहीत.

दुसरी गोष्ट, गुन्ह्याची तारीख. १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागते, नंतरची असेल तर नवी. मग कलम नीट वाचायचं. उघड्या बाजारातली चोरी ३०३(२) मध्ये बसते आणि तिला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तोच मोबाईल घरातून किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून गेला असता तर कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. हिसकावून नेला असता तर ३०४. पोलिसांनी सवयीने जड कलम लावलं असेल, तर कबुलीच्या आधी त्यावर हरकत घ्यायला हवी. एकदा “कबूल” म्हटलं की ते त्या कलमासकट कबूल होतं.

तिसरी गोष्ट बहुतेक घरांना कुणी सांगतच नाही. साधी चोरी तडजोडयोग्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मधल्या तक्त्यात ती आहे, आणि चोरीला गेलेल्या वस्तूचा मालक ती मिटवू शकतो. तडजोड झाली तर तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा होतो. कबुली दिली तर दोषसिद्धी होते. फिर्यादीला मोबाईल परत मिळाला असेल आणि त्याचा राग निवला असेल, तर हा रस्ता आधी चाचपून पाहायचा. लोकअदालतीची तारीख जवळ असेल तर उत्तमच.

आणि एक धोक्याची सूचना आईला स्पष्ट शब्दांत द्यायची. आज दोन हजार दंड भरून सुटला, तरी पुढे पुन्हा चोरीत सापडला तर ३०३(२) खालीच किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे, पाच वर्षांपर्यंत. आजची झटपट कबुली उद्या ‘पूर्वीची शिक्षा’ म्हणून समोर येते.

हे सगळं पाहूनही फिर्यादी तडजोडीला तयार नसेल, मोबाईल मुलाकडेच सापडलेला असेल आणि मुलाने तो खरोखर घेतला असेल, तर कबुली हा प्रामाणिक आणि शहाणा मार्ग आहे. मग पुढच्या कामाला लागायचं.

कोणती सवलत मागायची हे ठरवणं

“दया करावी” अशी मोघम विनंती करून भागत नाही. नेमकं काय हवं ते नाव घेऊन मागावं लागतं.

आपल्या मुलासाठी सगळ्यात मोलाचा कायदा आहे गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८. त्याच्या कलम ३ खाली पहिल्याच वेळी दोषी ठरलेल्या माणसाला समज देऊन सोडता येतं. साधी चोरी, फसवणूक असे काही गुन्हे आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे त्यात येतात. कलम ४ खाली फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा सोडून इतर गुन्ह्यांत, चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊन सोडता येतं. ते बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं असतं. त्या काळात शिक्षा सुनावली जात नाही, राखून ठेवली जाते. आणि कलम ६ आपल्या केसचा कणा आहे. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल तर कोर्टाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो, आणि तरीही कैद द्यायची असेल तर कारणं लिहावी लागतात.

इथे वय कोणत्या दिवशीचं धरायचं? रामजी मिस्सर विरुद्ध बिहार राज्य या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, कोर्ट ज्या दिवशी आरोपीबाबत निर्णय करतं त्या दिवशीचं वय महत्त्वाचं. गुन्ह्याच्या दिवशीचं धरायचं नाही. म्हणजे मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाला तीन महिने उरले असतील तर तारखा ढकलत बसणं म्हणजे त्याचं नुकसान करणं. शाळा सोडल्याचा दाखला काढून फाईलच्या पहिल्या पानावर लावावा.

वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत असती तर गोष्ट आणखी सोपी होती. नव्या संहितेत पहिल्यांदा दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर अशा चोरीला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. दोषारोपपत्रात लिहिलेली किंमत फुगवलेली वाटत असेल, म्हणजे चार वर्षं वापरलेल्या मोबाईलला नव्याचा भाव लावला असेल, तर हा मुद्दा सोडू नये. बिलाची तारीख पाहावी.

गुन्हा याहून मोठा असेल, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा, तर शिक्षेबाबतच्या वाटाघाटीचा, म्हणजे प्ली बार्गेनिंगचा रस्ता आहे. नागरिक सुरक्षा संहितेची कलमं २८९ ते ३००. दोषारोप ठेवल्यापासून तीस दिवसांत आरोपीने स्वतः शपथपत्रासह अर्ज करायचा. त्यात पहिल्यांदाच दोषी ठरणाऱ्याला, किमान शिक्षा ठरलेली असेल तर तिच्या एक चतुर्थांश, नसेल तर ठरलेल्या शिक्षेच्या एक षष्ठांशपर्यंत खाली येता येतं. स्त्रिया आणि बालकांविरुद्धचे गुन्हे, तसंच सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हे यातून वगळले आहेत. त्या निकालावर नेहमीचं अपील नसतं, हे लक्षात ठेवून सही करावी.

काही ठिकाणी दार बंदच असतं. अमली पदार्थांच्या कायद्यात अठरा वर्षांखालचा आरोपी किंवा कलम २६-२७ चे गुन्हे सोडले तर परिवीक्षा मिळत नाही. बेदरकार गाडी चालवून मृत्यू झाला असेल तर सर्वोच्च न्यायालयाने दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२०००) मध्ये परिवीक्षेबद्दल कडक भूमिका घेतली आहे. अशा केसमध्ये परिवीक्षेचा हट्ट धरून सगळा युक्तिवाद वाया घालवू नये. कैदेचा कालावधी आणि भरपाई यांवर बोलावं.

कागद जमवणे

ही पायरी सगळ्यांत वेळखाऊ, आणि इथेच निकाल बहुतेक ठरतो. बंधपत्रावरच्या परिवीक्षेसाठी कायदा दोनपैकी एक तरी गोष्ट मागतो: आरोपीचा किंवा जामीनदाराचा कायमचा पत्ता, नाहीतर नियमित कामधंदा. म्हणून रेशनकार्ड, आधार, घरभाड्याचा करार किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. काम असेल तर मालकाचं पत्र, त्यात किती दिवसांपासून कामावर आहे, पगार किती, आणि गुन्ह्याची माहिती असूनही पुढे कामावर ठेवणार आहे का, हे तीन मुद्दे हवेतच. “अमुक तमुक माझ्या ओळखीचा असून चांगल्या स्वभावाचा आहे” असली पत्रं फाईल जाड करतात, दुसरं काही नाही. लोकप्रतिनिधींचं शिफारसपत्र तर मी लावूच देत नाही. ते वाचून न्यायाधीशांना वजन टाकल्यासारखं वाटतं.

मालकाला गुन्ह्याबद्दल सांगायला घरचे घाबरतात. पण गुन्हा माहीत असूनही “आम्ही याला ठेवून घेतो” असं लिहिणारा गॅरेजवाला किंवा किराणा दुकानदार कोर्टासमोर दहा प्रतिष्ठितांपेक्षा भारी पडतो.

शिक्षण चालू असेल तर बोनाफाईड दाखला. घरात आजारी माणूस असेल तर उपचाराची कागदपत्रं, नुसता उल्लेख नको. दारू किंवा नशा हे कारण असेल तर लपवू नये, पण ती सबब म्हणूनही मांडू नये. व्यसनमुक्ती केंद्रात, पुण्याच्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी, आधीच नाव नोंदवून उपचार सुरू केल्याचा कागद असेल तर त्याला किंमत आहे. निकालानंतर जाऊ म्हणणाऱ्याच्या बोलण्याला फारशी नाही.

वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाईन क्रमांक आहे.

फिर्यादीचं नुकसान

माझं मत असं की, कबुली खरी आहे का, हे कोर्टाला सगळ्यांत स्पष्टपणे या पायरीवर दिसतं. ज्याची वस्तू गेली त्यालाही त्या दिवसापासून त्रास झालेला असतो: पोलीस ठाण्याच्या खेपा, बुडालेली मजुरी, मोबाईलमध्ये अडकलेले नंबर आणि फोटो. मोबाईल मुद्देमाल म्हणून परत मिळाला तरी हे भरून येत नाही. म्हणून मुलाने जमेल ती रक्कम, समजा दोन-तीन हजार, स्वतःहून देऊ करावी. स्वतःच्या कमाईतून असेल तर उत्तम. परिवीक्षा कायद्याच्या कलम ५ खाली कोर्ट भरपाई देण्याचा आदेश करू शकतं. आपण आधी तयारी दाखवली की तो आदेश आपल्या बाजूने बोलतो.

पण फिर्यादीच्या घरी जाऊन उभं राहू नये. हेतू कितीही चांगला असला तरी तो दबाव ठरू शकतो, आणि त्यातून नवा गुन्हा उभा राहतो. सरकारी वकिलांना सांगावं, रक्कम कोर्टात जमा करण्याची परवानगी मागावी, पावती घ्यावी. माफीचं पत्र लिहायचं असेल तर मुलाने स्वतःच्या भाषेत लिहावं. वकिलाने मजकूर सांगू नये. तीन ओळींचं अशुद्ध पत्र चालतं.

अर्ज

कबुलीच्याच तारखेला अर्ज हातात तयार हवा, आणि याला कारण आहे. वॉरंट खटल्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७१(२) प्रमाणे शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. पण वीस हजारांच्या आतली चोरी संक्षिप्त पद्धतीने चालते. तिथे समन्स खटल्याची कार्यपद्धती लागते आणि तिच्यात अशा स्वतंत्र सुनावणीचे शब्द नाहीत. कबुली, दोषसिद्धी, दंड, सगळं दहा मिनिटांत उरकतं. अर्ज दिला नाही तर बोलायची संधीच मिळत नाही. (संक्षिप्त खटल्यात तीन महिन्यांहून जास्त कैद देता येत नाही, हेही लक्षात असावं.)

अर्ज दोन पानांचा पुरे. नमुना म्हणून गाभा असा:

“वरील आरोपीतर्फे विनंती अर्ज असा की, आरोपीने स्वखुशीने व परिणाम समजून गुन्हा कबूल केला आहे. आरोपीचे वय आजरोजी २० वर्षे ९ महिने असून शाळा सोडल्याचा दाखला सोबत जोडला आहे. आरोपीविरुद्ध यापूर्वी कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही. तो अमुक गॅरेजमध्ये गेल्या दीड वर्षापासून कामास असून मालकाचे पत्र जोडले आहे. फिर्यादीस मोबाईल परत मिळाला असून झालेल्या त्रासापोटी आरोपी रु. ३,००० कोर्टात जमा करण्यास तयार आहे. सबब, गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ चे कलम ६ प्रमाणे परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवून आरोपीस कलम ३ अन्वये समज देऊन, अथवा कलम ४ अन्वये चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर मुक्त करावे.”

आधी केस असेल तर ‘गुन्हा नाही’ लिहू नये. पोलिसांचा अभिलेख सरकारी वकिलांकडे असतोच. एक खोटं वाक्य सापडलं की बाकीचे सगळे खरे कागद संशयात येतात.

कोर्टात

पुकारा झाल्यावर न्यायाधीश गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवतात. भाषा समजली नाही तर मुलाने तसं सांगायचं, लाजायचं नाही. समन्स पद्धतीत त्याची कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत नोंदवायची असते. त्याने एवढंच म्हणावं: “मोबाईल मी घेतला होता. चुकलं माझं.” त्यापुढे मित्रांनी सांगितलं, नशेत होतो, पोलिसांनी जास्त लिहिलं, यातलं काही नाही.

कुणी बाहेर “कबूल कर, पाचशे दंडात काम होईल” असा शब्द दिला असेल तर त्यावर विसंबू नये. तो शब्द कोर्टाला बांधत नाही. हलक्या शिक्षेच्या आश्वासनावर कबुली घेऊन पुढे अपिलात शिक्षा वाढवणं अन्यायकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९८३) मध्ये म्हटलं. पण त्यासाठी तिथपर्यंत जावं लागलं, हेही खरं.

वकिलाने युक्तिवाद छोटा ठेवावा. गुन्हा क्षुल्लक होता, असं म्हणू नये. फिर्यादी मागे बसलेला असतो. गुन्ह्याचं गांभीर्य मान्य करून माणसाकडे वळावं: वय, पहिली वेळ, काम, घर, परत केलेली वस्तू, देऊ केलेली भरपाई. प्रत्येक मुद्द्याला एक कागद दाखवावा. न्यायाधीश घाईत असतील तर संता सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९७६) आणि वेद प्रकाश विरुद्ध हरियाणा राज्य (१९८१) या दोन निकालांकडे नम्रपणे लक्ष वेधावं. पहिल्यात शिक्षेवरची सुनावणी ही पोकळ औपचारिकता नव्हे, हे सांगितलं आहे. दुसऱ्यात, वकिलाने माहिती दिली नाही तरी शिक्षेसाठी लागणारी माहिती मिळवण्याची जबाबदारी न्यायाधीशांवरही टाकली आहे. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०२ प्रमाणे, परिवीक्षा देता येत असूनही दिली नाही तर त्याची विशेष कारणं निकालात लिहावी लागतात.

अहवाल मागवला गेला तर पुढची तारीख पडते. महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाकडचे असतात. ते घरी येतात, शेजारी आणि मालकाला विचारतात. आईने घर सजवून ठेवायची गरज नाही. मुलगा ठरल्या वेळी घरी हवा, आणि जे वकिलाला सांगितलं तेच त्यांना सांगितलेलं हवं.

शिक्षेच्या दिवशी तीन गोष्टी बरोबर असाव्यात: दंडाची रक्कम, कागदपत्रांसह जामीनदार, आणि आरोपीचे फोटो. दंड एकदम भरता येत नसेल तर कलम ४६४ खाली मुदत किंवा दोन-तीन हप्ते मागता येतात. कैद टळत नसेलच, तर कोर्ट उठेपर्यंतची साधी कैद आणि दंड, ही शेवटची विनंती ठेवावी.

तुरुंगात असलेल्याचं वेगळं

मुलगा जामिनावर नसून येरवड्यात किंवा जिल्हा कारागृहात असता, तर गणित बदललं असतं. परिवीक्षा अहवालाची वाट पाहणं म्हणजे आणखी काही आठवडे आत. अनेक कच्चे कैदी केवळ बाहेर पडण्यासाठी कबुली देतात आणि ‘भोगली तेवढीच कैद’ अशी शिक्षा घेऊन सुटतात. कलम ४६८ प्रमाणे आधी भोगलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, त्यामुळे हे शक्य होतं. पण दोषसिद्धीचा डाग राहतो. परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कलम ३ किंवा ४ खाली सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. भोगलेल्या कैदेवर सुटणाऱ्याला हे संरक्षण नाही. कैद्याला हा फरक कबुलीच्या आधी समजावून सांगणं वकिलाचं काम आहे, मग निवड त्याची. याआधी कधीच दोषी न ठरलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत गेला की कलम ४७९ खाली बंधपत्रावर सुटका मिळू शकते, हाही पर्याय त्याच्यासमोर ठेवावा.

आदेशानंतर

बंधपत्रावर सुटका झाली तर अटी वाचून घ्याव्या: पत्ता बदलायचा नाही, ठरलेल्या दिवशी परिवीक्षा अधिकाऱ्यासमोर हजर राहायचं, नशा नाही, असं काही. अट मोडली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पहिल्या वेळी पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवण्याचीही मुभा आहे. पत्ता बदलायचा असेल तर आधी परवानगी.

शिक्षा जास्त वाटली तर कबुली देऊनही अपील करता येतं, मात्र फक्त शिक्षेच्या प्रमाणावर आणि तिच्या वैधतेवर, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे. सत्र न्यायालयात मुदत तीस दिवसांची. अपिलातही परिवीक्षा मिळू शकते. कैदेची शिक्षा झाली आणि आरोपी जामिनावर होता, तर अपिलासाठी शिक्षा स्थगित ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी, त्याच कोर्टात द्यावा. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत कलम ४३०(३) ही सोय देतं.

निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज त्याच आठवड्यात करावा आणि दोन प्रती काढाव्या. पुढे नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात “आपणांस कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरवले आहे काय?” हा रकाना येईल. कलम १२ चं संरक्षण असलं तरी ‘नाही’ लिहू नये. माहिती दडवणं हेच पुढे नोकरी जाण्याचं कारण होऊ शकतं, आणि अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालात त्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. ‘होय’ लिहावं, गुन्ह्याचं कलम आणि परिवीक्षेचा आदेश नमूद करावा, आणि सोबत नक्कल जोडावी.